मेस्त्री गोष्ट अर्ध्यावर सोडायचे

गोष्ट ऐन रंगात आली की मेस्त्री उठायचे. कपातला उरलेला चहा बाजूच्या वाळूत ओतायचे, गुडघ्यावर हात टेकून उभे राहायचे आणि भट्टीकडे चालू लागायचे. मागे आम्ही आठ-दहा जण तोंडं उघडी टाकून बसलेले. कुणीतरी ओरडायचं, "मेस्त्री, पेटी पाण्यातनं व्हात गेली, मग पुढं?" ते मागं वळूनही न बघता म्हणायचे, "पुढचं ज्या दिवशी लागंल त्या दिवशी."

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत, लोखंड ओतायच्या कारखान्यात, मी तेव्हा ऑफिसात होतो. माझ्या गावाहून, गुंजीहून, सकाळच्या गाडीनं बेळगाव आणि तिथून बसनं कारखाना. हजेरी, माल पाठवण्याचे कागद आणि सरकारी पत्रं हे माझं काम. शाळा मराठी असली तरी माझं कन्नड चांगलं होतं, म्हणूनच ती नोकरी मिळाली होती. मेस्त्री भट्टीचे प्रमुख. साठीला टेकलेले, पांढरी आखूड दाढी, डाव्या हातावर कोपरापर्यंत ठिणग्यांचे जुने डाग. मूळचे निपाणीकडचे. हजेरीपटावर त्यांचं चांगलं लांबलचक नाव होतं, पण मालकापासून झाडूवाल्यापर्यंत सगळे त्यांना मेस्त्रीच म्हणत.

साडेदहाच्या चहाला ते कुराणातल्या गोष्टी सांगायचे. ऐकणारे बहुतेक खानापूर भागातले शेतकरी घरातले, दोघंतिघं वडगावचे विणकर, यंत्रमाग बंद पडल्यावर इकडे आलेले. एकदा नव्यानं लागलेल्या एकानं विचारलं, "आमास्नी तुमचा धरम शिकवायलाय काय मेस्त्री?" मेस्त्री हसले नाहीत की रागावलेही नाहीत. म्हणाले, "मला जे शिकवलंय ते सांगतो. तुज्याकडं असंल तर तू सांग, मी ऐकतो. न्हायतर चा घे, गार व्हतोय." तो माणूस महिन्याभरात सगळ्यांच्या पुढे येऊन बसायला लागला.

सुरुवात ते नेहमी प्रश्नानं करायचे. "मूसाची खबर पोचली का रं तुमच्यापतूर?" मला वाटायचं ही त्यांची लकब. एकदा ते म्हणाले, "माजी न्हवं ही रीत, किताबातच असं इचारलंय. इचारलं की माणूस मान वर करतो." मूसा पैगंबरांची गोष्ट कुराणात एका ठिकाणी सलग नाही, हेही त्यांनीच सांगितलं. आईनं बाळाला पेटीत घालून नदीत सोडलं ते एका जागी, डोंगरावर आग दिसली ते दुसऱ्या जागी, राजासमोर उभं राहणं आणखी कुठे. तीच गोष्ट पुन्हा येते, पण दर वेळी वेगळा तुकडा पुढे येतो. "घाबरलेल्याला आईचा तुकडा सांगायचा. माजलेल्याला राजाचा. सगळी गोष्ट सगळ्यास्नी सांगून काय करायचं?"

आणखी एक गोष्ट माझ्या ध्यानात आली होती. त्यांच्या गोष्टींत पुष्कळ माणसांना नावंच नसायची. एक माणूस, एक बाई, दोन भाऊ, बागेचा मालक. मी एकदा टोकलं, "मेस्त्री, नाव तरी सांगा की." ते म्हणाले, "नाव सांगितलं की तू म्हणणार, तो कोण दुसराच. नाव न्हाय म्हंजे तू पण असशील."

यूसुफ पैगंबरांची गोष्ट मात्र त्यांनी सलग सांगितली. ती कुराणातही एकाच जागी, आरंभापासून शेवटापर्यंत आहे. त्या दिवशी वीज गेली होती आणि भट्टी थंड पडली होती. भावांनी यूसुफला विहिरीत टाकलं, बापानं रडून रडून डोळे घालवले, आणि कितीतरी वर्षांनी तेच भाऊ धान्य मागायला त्याच्याच दारात उभे राहिले. त्यानं ओळख दिली आणि आज तुम्हाला काही दोष देत नाही म्हणाला. पुंडलिक नावाचा आमचा मोल्डर, साच्यांचं काम करणारा, तोंडावर फडकं धरून बसला होता. तो खानापूर तालुक्यातल्या एका खेड्यातला, माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठा, आणि मेस्त्रींचा सगळ्यात लाडका ऐकणारा. "भावानं भावाला असं करायचं म्हंजे," एवढंच तो दिवसभर म्हणत राहिला.

पुढे जे झालं ते पुंडलिकाचंच झालं.

मंगळवार होता. माल न्यायला आलेला ट्रक फाटकात उभा होता आणि त्यातले शेवटचे काही नग अजून ओतायचे होते. वितळलेलं लोखंड ज्या मोठ्या भांड्यात घेतात त्याला लॅडल म्हणतात. तिच्या आतला मातीचा लेप त्याच सकाळी नवा केला होता. तो गॅसच्या ज्योतीवर चांगला दोन तास सुकवावा लागतो. आत ओल राहिली आणि वरून उकळतं लोखंड पडलं, तर पाण्याची वाफ होऊन ते बाहेर उडतं. हे भट्टीवरच्या नव्या माणसालाही पहिल्याच दिवशी सांगितलं जातं.

मॅनेजरनी मला बोलावलं. "मेस्त्रींना सांग, आत्ताच्या आत्ता ओता म्हणावं. गाडी आता थांबणार नाही."

मी गेलो, निरोप सांगितला. मेस्त्रींनी लॅडलला बाहेरून तळहात लावून बघितला. म्हणाले, "आजून वली हाय. तासभर तरी पायजे."

मी परत जायला हवं होतं. पण मॅनेजरचं तोंड आठवलं, आणि मी तिथंच उभा राहून दुसऱ्यांदा म्हणालो, "मेस्त्री, आत्ताच म्हणालेत ते."

मेस्त्रींनी माझ्याकडे बघितलं, लॅडलकडे बघितलं. मग हात झटकून म्हणाले, "घ्या रं."

पुंडलिक लॅडलच्या दांड्याला होता. मी पाठ फिरवून दहा पावलं गेलो असेन, तोच मागे फटाक्याची माळ लागावी तसा आवाज झाला. वळलो तेव्हा पुंडलिक जमिनीवर होता आणि मेस्त्री उघड्या हातांनी त्याच्या अंगावरचे जळते कपडे ओढत होते.

पुंडलिकाचा उजवा डोळा गेला. उजवं पाऊल इतकं भाजलं की पुढे तो कधी सरळ चालू शकला नाही.

त्याच संध्याकाळी मॅनेजरनी मला कन्नडमध्ये अहवाल लिहायला बसवलं. पुंडलिकानं मेस्त्रींना न विचारता लॅडल उचलली आणि पायात संरक्षक बूट घातले नव्हते, असं त्यात आलं. बूट त्यानं घातले होते, मी स्वतः पाहिले होते. तरी मी टाइप केलं. मग मेस्त्रींना बोलावलं. त्यांच्या दोन्ही हातांना पट्ट्या बांधल्या होत्या.

"मेस्त्री, चार महिन्यांत तुम्ही निवृत्त होणार," मॅनेजर मऊ आवाजात म्हणाले. "इतकी वर्षं काढलीत. मानानं जा."

मेस्त्री माझ्याकडे वळले. "काय लिवलंयस वाचून दाव." मी मराठीत करून सांगितलं. त्यांनी पेन घेतलं, पट्टीतून बाहेर आलेल्या बोटांत कसंबसं धरलं आणि सही केली. मला त्यांची शरम वाटली. आणि खरं लिहायचं तर मला हायसं वाटलं. त्यांची सही झाली म्हणजे माझा निरोपही पुसला गेला.

फॅक्टरी इन्स्पेक्टर शुक्रवारी येणार होत्या. मधले दोन दिवस अजून अंगावर येतात. बुधवारी चहाला सगळे नेहमीच्या जागी बसले. मेस्त्रीही बसले. त्यांनी तोंड उघडलं नाही. माणसं कपाकडे बघत चहा प्यायली आणि उठली. 'घ्या रं' हे शब्द भट्टीवरच्या आणखी दोघांनी ऐकले होते. ते माझ्या नजरेला नजर देत नव्हते आणि मी त्यांच्या. कोण काय बोलणार, कोण काय बोललाय, याचाच प्रत्येकजण अंदाज घेत होता. मॅनेजर दिवसातून तीनदा भट्टीवर चक्कर मारत होते. एरवी ते आठवड्यातून एकदाही तिकडे यायचे नाहीत.

गुरुवारी मेस्त्री अचानक बोलले. "मूसाची खबर पोचली का रं तुमच्यापतूर?"

माणसांनी कपावरून माना वर केल्या.

मग त्यांनी जो तुकडा सांगितला तो त्याआधी कधीच सांगितला नव्हता. मूसा जवान होता. शहरात दोन माणसं भांडताना दिसली. एक त्याच्या लोकांतला, एक दुसरा. आपल्या माणसानं मदतीला हाक मारली. मूसानं दुसऱ्याला एक ठोसा दिला. मारायचं मनात नव्हतं, पण माणूस जागीच मेला. मूसा म्हणाला, हे वाईट झालं, मी माझ्याच जिवावर जुलूम केला.

"पैगंबर म्हणायचा आणि खून?" तो नवा लागलेला माणूस म्हणाला.

"व्हय. किताबानं झाकलं न्हाय. झाकलं असतं तर ती गोष्ट माज्या काय कामाची हुती?" पट्टी बांधलेले हात त्यांनी मांडीवर उपडे ठेवले. "दुसऱ्या दिवशी सकाळी तो त्याच शहरात हिंडतोय. भ्यालाय. म्होरं बगतोय, मागं बगतोय. कोण बगितलं, कोण सांगणार."

एवढं बोलून ते उठले. त्या दिवशी मागून कुणी काही विचारलं नाही.

शुक्रवारी इन्स्पेक्टरबाई बाराच्या सुमाराला आल्या. मध्यम वयाच्या, धारवाडकडच्या असाव्यात, मराठी जेमतेम समजायचं आणि बोलता यायचं नाही. कागद बघून झाल्यावर त्यांनी मेस्त्रींना बोलवायला सांगितलं. मेस्त्री म्हणाले, "जुम्म्याची नमाज हाय. तासाभरात येतो." बाईंनी घड्याळ बघितलं आणि मान हलवली. ते गेल्यावर मॅनेजर माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "आता येत नाहीत बघ. आले नाहीत तरी चालेल. सही आहेच." मी खुर्चीवर बसून दाराकडे बघत होतो. ते येऊ नयेत असं मला वाटत होतं. ते आले नाहीत तर मी त्यांना कधी माफ करणार नाही, असंही वाटत होतं.

दीड वाजता मेस्त्री आले. तोंड धुतलेलं, टोपी डोक्यावर. कामावर असताना ते टोपी खिशात ठेवत, त्या दिवशी तशीच राहू दिली.

बाई कन्नडमध्ये विचारणार, मी मराठीत सांगणार, मेस्त्रींचं मी कन्नडमध्ये करणार, असं ठरलं. मॅनेजर शेजारच्या खुर्चीत.

"त्या कागदावर सही माजी हाय," मेस्त्री म्हणाले. "पण ते खोटं हाय. लॅडल वली हुती. मला ठाऊक हुतं. घ्या म्हणून मीच म्हणलो. पुंडलिकाच्या पायात बूट हुते, आन त्यानं इचारल्याबिगर कायबी उचललं न्हाय."

मी ते कन्नडमध्ये सांगितलं. मॅनेजर उठायला लागले. बाईंनी हातानंच त्यांना बसवलं. लिहून झाल्यावर त्यांनी मान वर केली.

"आमेले?" म्हणजे, मग पुढं? "ओली आहे हे माहीत असताना का म्हणालात?"

"घाई झाली."

"घाई कुणी केली?"

मेस्त्रींनी माझ्याकडे बघितलंही नाही. टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत म्हणाले, "माज्या तोंडातनं शबुद गेला तो माजा. त्याच्या आदीचं ज्याचं त्यानं सांगायचं."

ते वाक्य मला कन्नडमध्ये करायचं होतं. मी शब्द जुळवले. बाई पेन धरून वाट बघत होत्या. मी ते वाक्य सांगितलं, जसंच्या तसं. आणि मग थांबता येईना. कन्नडमध्येच म्हणालो, "निरोप मी नेला होता. मेस्त्रींनी ओली आहे म्हणून सांगितलं, ते मी ऐकलं. तरी दुसऱ्यांदा सांगितलं. आणि हा अहवाल मी लिहिलाय. तो खोटा आहे हे लिहिताना मला माहीत होतं." बाईंनी विचारलं, निरोप कुणाचा? मी मॅनेजरकडे बोट केलं.

मेस्त्रींना कन्नड फारसं येत नव्हतं. पण बोट कुठे गेलं ते त्यांनी बघितलं. बाहेर आल्यावर त्यांनी माझ्या खांद्यावर पट्टीचा हात ठेवला आणि लगेच काढून घेतला. शाबासकी दिली नाही. "जेवलास का?" विचारलं.

सोमवारी मेस्त्रींना फाटकावरच अडवलं. निरोपाचा हार नाही, नारळ नाही. त्यांची चहाची कपबशी आणि एक जुना टॉवेल मी पिशवीत घालून बाहेर आणून दिला. महिन्याभरानं मीही नोकरी सोडली. सोडली नसती तर काढलीच असती. मॅनेजरची बदली झाली असं नंतर ऐकलं. पुंडलिकाच्या नावावरचा दोष मात्र गेला. बरा झाल्यावर त्याला त्याच कारखान्यात बसून करायचं काम मिळालं.

हे सगळं झाल्यावर पुंडलिक मेस्त्रींना भेटून रडला, असं मला लिहिता आलं असतं तर बरं वाटलं असतं. तसं झालं नाही. तो दवाखान्यातून घरी आल्यावरच्या पहिल्या रविवारी मेस्त्री त्याच्या गावी गेले, तेव्हा त्याची बायको दारात उभी राहिली. "कशाला आलाईसा? डोळा आणलाईसा काय?" मेस्त्री समोरच्या कट्ट्यावर जाऊन बसले. तासाभरानं उठून परत आले. पुढच्या रविवारी पुन्हा गेले. मग दर रविवारी. दोनतीनदा मी बरोबर होतो. आत पुंडलिक खाटेवर पडलेला दिसायचा, भिंतीकडे तोंड करून.

एकदा परतताना मला राहवलं नाही. "मेस्त्री, त्याला यूसुफची गोष्ट सांगा की. त्याला किती आवडली होती. शेवटचं आठवण करून द्या, आज दोष देत नाही म्हणाला तो. ऐकलं तर त्याचं मन पाघळेल."

मेस्त्री रस्त्यातच थांबले. त्यांना माझ्यावर रागावलेलं मी तेवढंच पाहिलं.

"ती गोष्ट यूसुफची हाय. हिरीत पडलेल्याची. ढकलणाऱ्यानं जाऊन ती सांगायची व्हय? माफी मागायला गेल्यावर माफीची गोष्ट सांगायची न्हाय बाबा. ते मागणं न्हवं, गळा धरणं झालं."

"मग तुम्ही जाऊन करताय काय?"

"बसतोय."

होळीनंतरचा एक रविवार. ऊन चढलं होतं आणि कट्ट्यावर सावली नव्हती. मेस्त्रींनी टॉवेल डोक्यावर घेतला होता. मी बाजूच्या भिंतीला टेकून उभा होतो. आतून खाट करकरली. पुंडलिक काठी टेकत उंबऱ्यापर्यंत आला. एका डोळ्यानं त्यानं मेस्त्रींकडे बराच वेळ बघितलं. मग बायकोला म्हणाला, "तांब्या आण." आणि मेस्त्रींना, "भितरं या. भाईर ऊन लई हाय."

ते आत गेले. मी बाहेरच थांबलो. आत काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. फार काही झालं नसावं, कारण मला फक्त भांड्यांचा आवाज येत होता.

पुढे मेस्त्री निपाणीला मुलीकडे राहायला गेले. मी बेळगावातच एका प्रशिक्षण केंद्रात भट्टीवरची सुरक्षितता शिकवायला लागलो. पहिल्या तासाला मी पोरांना नियम सांगत नाही. ओल्या लॅडलवर मी काय केलं तेवढं सांगतो आणि खडू खाली ठेवतो. काही पोरं मग फळ्याकडे न बघता आपल्या हातांकडे बघत बसतात. मी त्यांना तसंच बसू देतो.

गेल्या वर्षी मेस्त्रींच्या मुलीचा सकाळी फोन आला. अब्बा गेले. दुपारच्या नमाजनंतर नेणार. मी पुंडलिकाला फोन केला. त्यानं ऐकून घेतलं आणि फोन ठेवला. मी निघायच्या तयारीत असताना तो बसस्टँडवरून रिक्षा करून माझ्या दारात उभा. मोटरसायकलवर मागे बसून, काठी आडवी धरून, तो निपाणीपर्यंत आला. कब्रस्तानात सगळ्यांबरोबर त्यानंही माती टाकली. कुणीतरी त्याला बाजूला बसायला सांगत होतं, त्यानं ऐकलं नाही.

परतताना हायवेवर चहाला थांबलो. पुंडलिकानं दुखरं पाऊल बाकावर लांब केलं.

"माफ केलं असं मी त्यास्नी कवा म्हणलो न्हाय रं," तो म्हणाला.

"म्हणायचं होतं का?"

"ठाऊक न्हाय. डोळा गेला तो गेलाच की. कवा कवा राग येतोय आजून." त्यानं कप दोन्ही हातांत धरला. "त्यास्नी कळलं असंल काय?"

मी चहाचे पैसे दिले. मी गाडी चालू केली. तो काठीचा आधार घेऊन उठला, मागे नीट बसला, आणि माझ्या पाठीमागून त्याचा आवाज आला.

"मातीला आलो न्हवं का मी?"

"आलास."

"व्हय," तो म्हणाला. "चल."